व्याह्यांच्या माशासाठी मादी

मासे मी तांब्याच्या कळशीत घातले.

ही चूक माझी, पण तिला घरातल्या सगळ्यांची संमती होती. व्याह्यांच्या घरी जायचं तर भांडं लखलखीत पाहिजे, म्हणून आमच्या मंडळींनी आदल्या दिवशी चिंच आणि मीठ लावून ती कळशी अशी घासली, की तिच्यात बघून भांग पाडावा. तांब्यातलं पाणी शुद्ध, प्रकृतीला चांगलं, हे मी शाळेत पोरांना दरवर्षी शिकवतो. माशांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

लातूर

दिवस लढाईचे. पेट्रोल मिळेनासं झालेलं, त्यामुळे नांदेडची मोटार कोळशावर चालायची. आमच्या यमूची लग्नानंतरची ही पहिली पंचमी. पहिल्या पंचमीला लेक माहेरी आणायची आणि तिला आणायला भावानं मुऱ्हाळी म्हणून जायचं, ही रीत. यमूला भाऊ नाही. म्हणून बापाला मुऱ्हाळी व्हावं लागलं.

मंडळींनी परसातल्या लिंबाला झोका आधीच बांधून ठेवला होता. निघताना मला एकच गोष्ट तीनदा सांगितली, "यमूला घेऊन या. दुसरं काही आणू नका, दुसरं काही बोलू नका. पोरीला घेऊन या."

आमच्या घरात मासा ताटात कधी आला नाही. तो आला काचेच्या पेटीत, माझ्या हौसेपायी. मांजरा नदीच्या डबक्यातून मी बोटभर लांबीचे रंगीत मासे आणायचो. नराच्या अंगावर नारिंगी आणि निळे तिरपे पट्टे. छातीखाली मिशीसारखे दोन लांब धागे, त्यांनी तो समोरचं सगळं चाचपून बघतो, आंधळ्या माणसानं काठीनं बघावं तसं. पावसाळा आला की तो पाण्यावर थुंकीच्या बुडबुड्यांचं घर बांधतो, मादी येते, त्या फेसात अंडी राहतात. इथपर्यंत माझ्याकडे सगळं व्यवस्थित व्हायचं. पुढं पिल्लं व्हायची आणि आठवडाभरात सगळी मरायची. दरवर्षी मी नवं कारण शोधून काढायचो. यमू लहानपणापासून पेटीशेजारी बसून हे सगळं बघत आलेली.

तिची सोयरीकही माशामुळंच जुळली म्हणायला हरकत नाही. मुलगा बघायला मी नांदेडला गेलो, तर ओसरीवर तसलीच पेटी. घरी आल्यावर मंडळींनी विचारलं, "रंगानं कसा आहे?" मी म्हणालो, "नारिंगी, अंगावर निळे पट्टे."

तर व्याही दिगंबरराव. निजामाच्या महसूल खात्यात गिरदावर होते, आता घरी बसून असतात. ज्येष्ठात त्यांचा निरोप आला होता, की आमचा नर फेसाचं घर बांधून बांधून थकला, मादीचा पत्ता नाही. मी हिशेब केला. सून पंचमीला पाठवायची म्हटलं की सासरच्यांना हमखास अडचणी आठवतात. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाच्या शेतात खुरपणी निघते. तीन माद्या घेऊन गेलो तर व्याही खूश, आणि लेक अलगद मोटारीत. माझ्या डोक्यातून निघालेला हा बेत मला फार आवडला.

मोटारीत

मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी. चढ आला की ती धापा टाकायची आणि सगळ्यांनी उतरून ढकलायची. मी कळशी मांडीवर घेऊन बसून राहिलो. तोंडाला पांढरं फडकं बांधलेली चकचकीत कळशी बघून ड्रायव्हर मला 'उतरा' म्हणायला धजेना. मीही त्याचा गैरसमज दूर केला नाही.

शेजारी एक म्हातारी होती. बराच वेळ कळशीकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "बाबा, गंगा हाय का त्यात?"

आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. मासे आहेत म्हणून सांगावं तर मोटारीत वारकरी माळकरी बसलेले. मी म्हणालो, "हाव."

म्हातारीनं कळशीला हात लावून डोळ्यांना लावला. मागच्या दोघा-तिघांनीही लावला. थोडा वेळ गेला आणि म्हातारी विचारात पडली.

"पर गंगा तर नांदेडला हाय. तुमी लातूरहून नांदेडला गंगा कशाला नेऊन राहिलात?"

सगळी मोटार माझ्याकडे बघायला लागली. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर हिरवंगार, कपाशी गुडघाभर आलेली, मध्येच ज्वारीची तासं, काळ्या मातीचा वास. एरवी मी त्यावर चांगलं अर्धं पान लिहिलं असतं.

अहमदपूरला मोटार थांबली तेव्हा फडकं सोडलं. दोन माद्या पोट वर करून तरंगत होत्या. तिसरी एका कुशीवर पडून कल्ले उघडत-मिटत होती. आंबट काही तांब्यात ठेवू नये, कळकतं, म्हणून आपण ताक कधी तांब्यात ठेवत नाही, हे मला त्या क्षणी आठवलं. चिंचेनं घासलेल्या कळशीत मी जिवंत जीव ठेवले होते.

म्हातारी वाकून बघत म्हणाली, "अगं बाई, गंगेत मासे बी हायेत की." मग जरा थांबून, "मेलेत जी."

हॉटेलवाल्याकडून काठ फुटलेलं एक मडकं मिळालं. रांजणातलं पाणी भरून उरलेली मादी त्यात सोडली आणि कळशी उपडी करून पायाखाली ठेवली. पुढच्या चढाला ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, आता उतरा."

कंधार

मन्याड नदीला पूर आलेला. मोटार कंधारला अडकली आणि मुक्काम पडला. सकाळी लोक किल्ला बघायला जातात. मी खंदक बघायला गेलो. एवढं जुनं, संथ, शेवाळलेलं पाणी, त्यात एखादी मादी सापडायला काय हरकत होती?

काठावर एक भोईण जाळं निवडत बसलेली. मी मडकं तिच्यापुढं धरलं आणि म्हणालो, "असला मासा पाहिजे. मादी. जिवंत."

तिनं मडक्यात डोकावून पाहिलं. "ह्याला खायाला काय हाय? काटाच."

"खायला नको. पाळायला."

"पाळून काय करायचं?"

"अंडी देतो."

"मग अंडी खाता?"

"नाही. पिल्लं होतात. ती बघायची."

ती जाळं बाजूला ठेवून नीट माझ्याकडे बघायला लागली. "मालक, लेकरंबाळं हायेत न्हवं तुम्हाला?"

"एक मुलगी आहे. तिलाच आणायला चाललोय, सासरहून."

"मग तिला आणा की. हितं पाण्यात काय धुंडून राहिलात?"

तरी तिनं दोन-चार वेळा जाळं टाकलं, माझ्यावर दया येऊन. नर निघाला, मरळीची पिल्लं निघाली, एक बेडूक निघाला. मादी निघाली नाही. मग मीच पुढं होऊन दाखवायला गेलो की मादी कुठं लपते, आणि शेवाळावरून घसरून कमरेपर्यंत खंदकात गेलो. मडकं मात्र मी डोक्यावर धरलं होतं, हे भोईणीनंही मान्य केलं. तिनं हात देऊन मला वर काढलं आणि म्हणाली, "आता हाय ती तरी सांभाळा."

जाताना मी मडक्यातलं रांजणाचं पाणी काढून खंदकाचं हिरवट पाणी भरलं, शेवाळाचा झुपका टाकला. दुपारपर्यंत मादी सरळ होऊन पोहायला लागली. मला इतकं बरं वाटलं, की चिखलानं कडक झालेलं धोतरही मऊ लागायला लागलं.

नांदेड

मोटार अड्ड्यावर पोलिसाच्या जवानानं अडवलं. "इसमें क्या है जी?"

"मछली."

"कितनी?"

"एक."

"एक मछली के वास्ते इत्ता बडा मटका?" त्यानं डोकावून पाहिलं, मादी बघून त्याची खात्री पटली, आणि माझ्याबद्दलचा संशय मात्र वाढला. तरी सोडलं.

व्याह्यांच्या दारात पोहोचलो तो असा: कमरेपर्यंत चिखल, दाढी वाढलेली, आणि दोन्ही हातांत पुढं धरलेलं मातीचं मडकं. विहीणबाई पाणी-गूळ घेऊन बाहेर येत होत्या, त्या उंबऱ्यातच थांबल्या. हातात मडकं धरून माणूस कधी चालतो, हे कुणाला सांगायला नको.

"अहो, तसंच थांबा. पाऊल टाकू नका आत," त्या म्हणाल्या आणि आतून करंडा घेऊन आल्या. मडक्याला हळद लावली, कुंकू लावलं, काठावर दोन फुलं ठेवली. मग म्हणाल्या, "हं, आता या."

दिगंबरराव मागून हसत आले. "मास्तर, तुम्ही तर सवाष्णच आणलीत."

जावई नोकरीच्या गावी होते; यमू आतल्या दारात उभी होती. डोक्यावर पदर, नजर खाली. माझ्या पाया पडली. मी काही बोलणार तेवढ्यात तिनं हळूच विचारलं, "अण्णा, कशातून आणली?"

मी म्हणालो, "मडक्यातून."

"आणि मडक्याच्या आधी?"

मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

लातूर आणि नांदेड, एकाच निजामाचं राज्य, पण ताटात फरक पडतो. आमच्याकडे सोलापूरचा वारा, शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी. इथं तेलंगणाचा. भात अंमळ जास्त, वरणात चिंच, आणि लोणचं असं, की पहिल्या घासाला माणूस मागचे-पुढचे सगळे अपराध आठवतो. विहीणबाई आग्रह करकरून वाढायच्या. माझे डोळे पाणावले की समजायच्या लेकीच्या आठवणीनं.

पण मी खरा चकित झालो तो पेटीपाशी. घरात पदर सावरून हळू बोलणारी आमची यमू पेटीपाशी आली की तिचा आवाज बदलायचा. मी मडकं थेट पेटीत ओतायला निघालो, तर म्हणाली, "थांबा. आधी मडकं पेटीत नुसतं तरंगत ठेवा. पाण्याला पाणी ओळखीचं होऊ द्या." आणि दिगंबरराव, तालुक्याच्या पाटील-कुलकर्ण्यांना घाम फोडलेले गिरदावर, लगेच बाह्या वर करून मडकं धरून उभे राहिले.

"सूनबाई, किती वेळ?"

"तुमचा हात दुखेपर्यंत, मामंजी."

"मग आत्ताच झाला."

"अजून नाही झाला."

ते हसले आणि धरून राहिले. माझ्या घरी मी असा कधी मडकं धरून उभा राहिलो नव्हतो, आणि तिनंही मला कधी 'थांबा' म्हटलं नव्हतं.

पेटीत सोडल्याबरोबर नरानं मादीला झोडपायला सुरुवात केली. तिच्या शेपटीचा एक तुकडा तुटला. मी "काढा, काढा" करून ओरडलो. यमूनं एक अर्धं कौल पाण्यात तिरपं ठेवलं, मादी त्याच्याआड गेली, आणि ती बाहेर येईपर्यंत नर फेस बांधत राहिला. पानाखाली, कोपऱ्यात, एकेक बुडबुडा तोंडातून सोडत. दुसऱ्या दिवशी सकाळी मादी आपणहून फेसाखाली आली. नरानं तिला अंगाची कमान करून मिठीत घेतलं, उलटं केलं, आणि मोहरीहूनही बारीक अंडी वर तरंगत फेसात गेली. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. विहीणबाई येऊन म्हणाल्या, "असं बघत्यात व्हय कुणी? लाजा न्हाईत." आणि पदर तोंडाला लावून त्याही शेवटपर्यंत उभ्या राहिल्या.

एक दिवस गेला आणि फेसाखाली पिल्लं लोंबकळायला लागली, लिहिताना टाकतो त्या स्वल्पविरामाएवढी. एखादं खाली पडलं की नर तोंडात झेलून पुन्हा फेसात नेऊन ठेवायचा. बाप म्हणून हा प्राणी मला फार शिकवून गेला.

आता ह्यांना खायला काय? एवढ्या बारीक तोंडात मावेल असं काही डोळ्याला दिसतच नाही. यमूनं ओसरीच्या कोपऱ्यातलं एक झाकलेलं गाडगं आणलं. कडब्याची कांडकी पाण्यात कुजत घातलेली. धुरकट झालेलं ते पाणी ती पळीनं थोडं थोडं सोडायची. त्यात जीव असतात, आपल्याला न दिसणारे.

"हे कधी घातलंस?" मी विचारलं.

"तुम्ही येणार असं कळलं त्याच दिवशी."

विहीणबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "देवापुढं उदबत्ती, आणि ओसरीवर हा कडबा. वास घेऊन देव बी गोंधळात पडलाय."

पेटीवर यमूनं काच झाकली होती, फटीला ओली चिंधी. मी म्हणालो, "अगं, गुदमरतील."

ती म्हणाली, "अण्णा, ह्या दिवसांत पिल्लं वर येऊन पहिला श्वास घेतात. पाणी कोमट आणि वरचा वारा गार, की मरतात. आपल्याकडं पेटी उघडी असायची. मला वाटतं, त्यानंच मरत होती."

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस ते?"

तिनं पेटीची काच पुसली. "तुम्ही दरवर्षी कारण आधीच सांगून टाकायचात."

लोणचं खाल्लेलं नव्हतं, तरी डोळ्यांत पाणी आलं.

निघण्याचा दिवस

पंचमी तोंडावर आली, तसा मी विषय काढला. दिगंबररावांनी एकही अडचण सांगितली नाही.

"घेऊन जा. पहिली पंचमी आहे, तिची आई वाट बघून राहिली असेल. इकडचा इंतजाम मी करतो. सूनबाईनं सगळं शिकवलंय मला." आणि त्यांनी सुनेपुढं धडा म्हणून दाखवला: सकाळी किती पळ्या, दुपारी किती, काच कधी उचलायची. नर काढून वेगळ्या बरणीत ठेवला होता, तो आता पिल्लंच खाऊन टाकतो म्हणून. यमूनं कपड्यांची ट्रंक भरली. आईसाठी विहीणबाईंनी खण दिला. सकाळच्या मोटारीत जागा सांगून ठेवली. यमू गुणगुणत होती. माझ्या मनात आलं, चला, एक काम आयुष्यात नीट पार पडलं.

घरात पंचमीची तयारी चाललेली. विहीणबाईंनी पाटावर नाग काढले होते, नैवेद्याला वाटीभर दूध काढून ठेवलेलं. मी पेटीपाशी एकटाच. पिल्लं आता सुटी पोहत होती, धुळीच्या कणांसारखी. हलत नसती तर दिसलीही नसती. त्यांना सोडून आम्ही जाणार, ह्या विचारानं मला भरून आलं. लहान जीव आहेत, म्हटलं, आणि वाटीतलं पळीभर दूध काच सरकवून पाण्यात सोडलं.

मग आणखी एक पळी.

यमू आली तेव्हा पाणी पांढुरकं झालं होतं आणि पिल्लं वर येऊन काठाला चिकटत होती. तिनं मला विचारलं नाही. वाटी बघितली, पळी बघितली. पदर खोचला. चिंधीचं एक टोक पेटीत, एक खाली बादलीत सोडून थेंब थेंब पाणी काढायला बसली, पिल्लू ओढलं जाऊ नये इतकं सावकाश. आणि दुसऱ्या बाजूनं घागरीतलं उन्हात ठेवलेलं पाणी तितकंच सावकाश घालायला लागली. दिगंबरराव शेजारी बसून तिला घागर तिरपी करून देत होते. संध्याकाळ झाली तरी दोघं उठली नाहीत.

बरीच पिल्लं गेली. काही राहिली.

"हे आता रोज करायला पाहिजे," यमू म्हणाली, "पाणी निवळेपर्यंत." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते आता आलं. "अण्णा, मामंजींच्यानं हे होणार नाही. त्यांचा हात कापतो."

विहीणबाई म्हणाल्या, "मरू दे गं त्या किड्यांना. वर्षाची पंचमी हाय. जा तू आईकडं."

"नाही आत्याबाई. आई समजून घेईल."

दिगंबररावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, मनाला लावून घेऊ नका. कसूर आमचाच. तुम्हाला पेटीपाशी एकटं सोडायला नको होतं."

सकाळी यमू मला दारापर्यंत पोचवायला आली. सांगितलं ते एवढंच, की झोका सोडू नका म्हणावं.

पुन्हा लातूर

पंचमीच्या दिवशी मी एकटा मोटारीतून उतरलो. मंडळी दारात उभी होती. माझ्या मागं बघत राहिली, मोटार निघून गेली तरी. मी सगळं सांगितलं, काही न लपवता. तिनं दुधापर्यंत ऐकलं आणि आत गेली. झोक्यावर त्या दिवशी गल्लीतल्या पोरी खेळल्या. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "अंगानं कशी आहे?" मी म्हणालो, "सासरा तिचं ऐकतो." तिनं बराच वेळ हातातल्या शेंगा सोलल्या. मग पुन्हा विचारलं, "खरंच ऐकतो?" आणि मला ते सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं, मडकं हात दुखेपर्यंत धरलं तिथपर्यंत. तिथं आलं की म्हणायची, "हं, पुन्हा सांगा."

भाद्रपदात महालक्ष्म्यांना दिगंबरराव स्वतः यमूला पोचवायला आले. परसात झोका तसाच होता. सण उलटून किती दिवस झालेले, तरी आईनं लेकीला त्यावर बसवलं आणि मागून झोका देत राहिली. गल्लीतल्या बाया बघून हसल्या; दोघींपैकी एकीलाही त्याचं काही वाटलं नाही.

जेवताना मी यमूला विचारलं, "पिल्लं?"

"आहेत. निम्मी नाहीत, पण आहेत बरीच. पट्टे दिसायला लागलेत."

मला अभिमान आवरेना. माझ्याच मादीची ती. मी व्याह्यांना म्हणालो, "खरं सांगू का रावसाहेब, मी आणखी चार दिवस तिथं राहिलो असतो, तर..."

आमची मंडळी भाकरी वाढत होती. तिनं वर न बघता माझ्या ताटात भाकरी टाकली.

"तुम्ही निघून आलात म्हणून एवढी तरी जगली."